काचेचा अपवर्तनांक आणि सात ओळींचा प्रोग्राम

(गणेशोत्सवात विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आरती झाली आहे, प्रसाद हातात पडला आहे आणि यानंतर अंताक्षरी आहे. या दोहोंच्या मध्ये भौतिकशास्त्राला जागा देण्याचे धाडस येलहंक्यातले मराठी मंडळच करू जाणे. मी कार्यकर्त्यांना विषय कळवला होता, "काचेचा अपवर्तनांक काढण्याचा सोपा प्रोग्राम". फलकावर "काच व संगणक" एवढेच आले आहे. हरकत नाही, दोन्ही वस्तू भाषणात आहेत.

आधी शब्दाचा गोंधळ मिटवू. माझ्या पिढीने शाळेत "वक्रीभवन" शिकले. नंतरच्या पुस्तकांत "अपवर्तन" आले. इथे बेंगळुरूत वाढणारी आपली मुले याला थेट "रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स" म्हणतात. तिन्ही एकच. प्रकाश हवेतून काचेत शिरताना मंदावतो. हवेत तो सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो, साध्या काचेत सुमारे दोन लाख. तीनाला दोनाने भागले की दीड. हा दीड म्हणजे काचेचा अपवर्तनांक. तिरका शिरलेला किरण मंदावताना वळतो, आणि किती वळला यावरून हा आकडा काढता येतो. वेग मोजायला मोठी प्रयोगशाळा लागते. वळण मोजायला चार टाचण्या, एक कागद आणि काचेची चीप पुरते.

हा प्रयोग इथल्या बहुतेक मुलांनी केला आहे किंवा करणार आहेत. आणि बहुतेकांच्या वहीत उत्तर १.५० आले आहे किंवा येणार आहे. माझी तक्रार नेमकी तिथे आहे. बरीच वर्षे मी बाहेरचा परीक्षक म्हणून वेगवेगळ्या महाविद्यालयांत प्रात्यक्षिकांना गेलो. एका ठिकाणी एका तुकडीच्या तीसेक वह्या पाहिल्या. सगळ्यांचे उत्तर १.५०, आणि प्रत्येक ओळीतही १.५०. टाचण्यांची भोके मात्र काही कागदांवर सापडेनात! वाचने आधी की उत्तर आधी, हे विचारायची गरज उरली नव्हती. मुलांना मी दोष देत नाही. गुण उत्तराला मिळतात, वाचनांना मिळत नाहीत, हे त्यांना आपणच शिकवले आहे. पण यात एक फार मोठी गोष्ट हातची जाते. त्या मुलाच्या हातात जी चीप होती, तिचा स्वतःचा एक आकडा होता. तो कुणीच काढला नाही.

प्रोग्रामचा उपयोग मला इथे दिसतो. आकडेमोड वाचते हा भाग दुय्यम आहे, ती कॅल्क्युलेटरनेही वाचते. नीट लिहिलेला प्रोग्राम प्रत्येक वाचनाचा हिशोब वेगळा मांडतो, आणि मग जमवलेली वाचने लपत नाहीत.

आता प्रयोग. पांढऱ्या कागदावर चीप ठेवा, अणकुचीदार पेन्सिलीने तिची कड आखून घ्या. वरच्या कडेवर एक बिंदू घ्या आणि तिथून चिपेच्या आरपार काटकोनात रेघ काढा. पुस्तकात हिला स्तंभिका म्हणतात. स्तंभिकेशी ४० अंशांचा कोन करून बाहेरून येणारी रेघ काढा आणि तिच्यावर दोन टाचण्या टोचा, एकमेकींपासून निदान पाच-सहा सेंटिमीटर लांब. आता पलीकडच्या बाजूने एक डोळा मिटून काचेतून पाहा. त्या दोन टाचण्या एकामागे एक लपतील अशी नजर लावा आणि त्याच ओळीत आणखी दोन टोचा. पाहायचे ते टाचण्यांच्या पायथ्याकडे, डोक्याकडे नाही, कारण टाचणी थोडी तरी कललेली असतेच. चीप उचला. पलीकडच्या दोन भोकांतून जाणारी रेघ मागे चिपेच्या कडेपर्यंत न्या. किरण काचेतून तिथे बाहेर पडला.

काचेच्या आत किरण किती वळला हे कोनमापकाने मोजू नका. प्लास्टिकच्या कोनमापकावर अर्धा अंश वाचणे कठीण. त्याऐवजी पलीकडच्या कडेवर दोन बिंदूंमधले अंतर पट्टीने मोजा: स्तंभिका जिथे पोचली तो बिंदू आणि किरण जिथे बाहेर पडला तो बिंदू. या अंतराला आपण "सरक" म्हणू. चिपेची जाडी, म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतचे अंतर, एकदाच मोजायचे. सरक आणि जाडी या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू झाल्या, आतला किरण हा कर्ण. सरक भागिले कर्ण म्हणजे आतल्या कोनाचे साइन. बाहेरच्या कोनाच्या साइनला त्याने भागले की अपवर्तनांक. स्नेलचा नियम तो हाच.

आता प्रोग्राम. मी तो जुन्या बेसिकच्या धाटणीने पण मराठीत सांगतो. आजची मुले पायथॉनमध्ये लिहितील, ज्यांना तेही नको त्यांना एक्सेलचा तक्ता चालेल.

१० चिपेची जाडी "जा" विचारून घ्या, मिलिमीटरमध्ये
२० कोन "को" आणि सरक "स" विचारून घ्या. कोन शून्य दिला तर ७० वर जा
३० रे = को × ३.१४१५९ ÷ १८०
४० ख = स ÷ वर्गमूळ (स × स + जा × जा)
५० को, स आणि साइन(रे) ÷ ख हे एका ओळीत छापा
६० साइन(रे) × ख पहिल्या बेरजेत मिळवा, ख × ख दुसऱ्या बेरजेत मिळवा. परत २० वर जा
७० पहिली बेरीज ÷ दुसरी बेरीज छापा, थांबा

झाला प्रोग्राम! सात ओळी. सुरुवातीला दोन्ही बेरजा शून्य हव्यात, बेसिक ते आपणहून करते, पायथॉनमध्ये सांगावे लागते. पण तिसाव्या, पन्नासाव्या आणि सत्तराव्या ओळीवर जरा थांबू.

तिसावी ओळ का? संगणकाला अंश कळत नाहीत. त्याला कोन रेडियन नावाच्या मापात लागतो, आणि वर्तुळाचे ३६० अंश म्हणजे पायची दुप्पट इतके रेडियन. ही ओळ विसरली तर काय होते ते पाहण्यासारखे आहे. ३० अंशांचे साइन ०.५ असते हे सगळ्यांना पाठ आहे. संगणकाला नुसते साइन ३० विचारा, तो शांतपणे उणे ०.९८८ सांगतो. त्याला ना लाज ना शंका. म्हणून कुठलाही प्रोग्राम लिहिला की आधी उत्तर माहीत असलेला प्रश्न त्याला विचारायचा. ३० दिल्यावर ०.५ आले तरच पुढे जायचे. गृहिणी साबुदाणा वडा आधी एकच तळून पाहतात, सगळी परात कढईत ओतत नाहीत. तसेच हे.

पन्नासावी ओळ प्रत्येक वाचनाचा आकडा वेगळा छापते. ही माझी आवडती ओळ आहे, कारण नकली वह्या इथे उघड्या पडतात. आणि सत्तरावी ओळ सगळ्यांचे मिळून एक उत्तर देते, पण साधी सरासरी काढून नाही. बाहेरच्या साइनचा आतल्या साइनशी आलेख काढला तर सरळ रेघ यायला हवी. त्या रेघेचा चढ ही ओळ काढते. यात मोठ्या कोनांच्या वाचनांना आपोआप जास्त वजन मिळते. ते योग्यच आहे. का, ते आकड्यांतच पाहू.

समजा चीप ५० मिलिमीटर जाडीची आहे आणि तिचा खरा अपवर्तनांक १.५२ आहे. बाहेरचा कोन ४० अंश असेल तर सरक २३.३ मिलिमीटर येईल. पट्टी वाचताना एक मिलिमीटर चुकला, २४.३ वाचले, तर उत्तर १.४७ येते. चूक झाली खरी, पण काच ओळखू येते. आता बाहेरचा कोन १० अंश घ्या. सरक ५.७५ यायला हवी. तोच एक मिलिमीटर चुकला, ६.७५ वाचले, तर उत्तर येते १.३०! म्हणजे काच राहिली बाजूला, पाण्याच्याही खाली गेलो. चूक तीच, पट्टी तीच, डोळा तोच. म्हणून लहान कोनांची वाचने घेऊ नयेत असे नाही, पण त्यांच्यावर फार विसंबू नये. खऱ्या वहीत १० अंशांच्या ओळीतला आकडा बराच इकडे-तिकडे असतो आणि ५०-६० अंशांच्या ओळी एकमेकींच्या जवळ असतात. ज्या वहीत १० अंशांनाही बरोब्बर १.५० आहे, ती वही टाचण्यांनी लिहिलेली नसते. अशी शंका नुसती ओळी पाहून येते, विद्यार्थ्याच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.

पालकांना वाटेल, आजची मुलेच असे करतात. म्हणून एक जुनी वही दाखवतो. जुनी म्हणजे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीची, अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीची. तोच, ज्याने पृथ्वी मध्यभागी ठेवून ग्रहांचे गणित मांडले. त्याने प्रकाशावरही ग्रंथ लिहिला. मूळ ग्रीक ग्रंथ हरवला, अरबी भाषांतरही हरवले, अरबीवरून बाराव्या शतकात सिसिलीत केलेले लॅटिन भाषांतर उरले. त्यात हवेतून काचेत जाणाऱ्या किरणाचा तक्ता आहे. बाहेरचा कोन १०, २०, ३० असा ८० अंशांपर्यंत. आतले कोन असे: ७, १३॥, १९॥, २५, ३०, ३४॥, ३८॥, ४२.

पाहिले की भले वाटते. पण लगतच्या दोन कोनांतला फरक काढत जा. ६॥, ६, ५॥, ५, ४॥, ४, ३॥. दर वेळी अर्धा अंश कमी, एकदाही चुकामूक नाही. निसर्ग असा दुकानदारी पाऊणकी-निमकीचा पाढा म्हणत नाही. टॉलेमीने काही कोन खरेच मोजले असणार, पण पूर्ण तक्ता त्याने एका ठरवलेल्या चालीत बसवला, असेच बहुतेक अभ्यासक मानतात. पाण्याच्या तक्त्यातही तीच अर्ध्या अंशाची चाल आहे.

हा काचेचा तक्ता आपल्या प्रोग्रामला दिला तर काय होते? कोन आधीच दिलेले आहेत, म्हणून चाळिसाव्या ओळीत सरकेऐवजी आतल्या कोनाचे साइन घ्यायचे, एवढाच बदल. सत्तरावी ओळ छापते १.५०५. अगदी सुरेख! साधी सरासरी काढली तर १.४९. एखादा परीक्षक पूर्ण गुण देऊन वही बंद करील. पण पन्नासाव्या ओळीने छापलेले आकडे वाचा: १.४२, १.४७, १.५०, १.५२, १.५३, १.५३, १.५१, १.४७. आधी चढतात, मग उतरतात, टेकडीसारखे. हातातल्या चुकीने आकडे विस्कटतात, त्यांची अशी गोलाई होत नाही. शिवाय शेवटची ओळ पाहा. ८० अंश हा मोठा कोन, तिथे वाचन भरवशाचे असायला हवे, आणि नेमके तिथेच उत्तर १.४७ वर घसरले आहे. म्हणजे एकूण उत्तर बरोबर आणि तक्ता बनावट. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, हे मुलांनो, लक्षात ठेवा.

आणि याची किंमत काय पडली तेही सांगतो. टॉलेमीच्या हातात खरा नियम सापडण्याइतकी सामग्री होती. तक्ता सुबक करण्याच्या नादात तो नियम झाकला गेला. पुढे आठशे वर्षांनी, ९८४ च्या सुमारास, बगदादच्या इब्न साहल याने भिंगांवरच्या ग्रंथात तो नियम आकृतीतून मांडला. युरोपात हॉलंडच्या स्नेलला तो १६२१ मध्ये सापडला, छापून आला १६३७ मध्ये देकार्तच्या पुस्तकात. दोघांनाही सात ओळींचा प्रोग्राम मिळाला नव्हता. अंतरांची गुणोत्तरे काढायची, आपण सरक मोजली तशी, एवढेच त्यांच्याजवळ होते.

आता कुणी म्हणेल, अहो, १.४९ काय, १.५२ काय, फरक कुणाला पडतो? खिडकीच्या तावदानाला पडत नाही. बाटलीलाही नाही. आपल्या मराठी मुलखात काचेचा उद्योग सुरू झाला तो बाटल्या, चिमण्या, बरण्यांपासूनच. आपण आत्ता ज्या सार्वजनिक उत्सवात बसलो आहोत त्यामागे लोकमान्य टिळक आहेत हे सर्वांना माहीत आहे. त्यांच्याच पाठिंब्याने अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा जमवण्याची पैसा फंडाची चळवळ चालवली, आणि त्या वर्गणीतून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे पैसा फंड काच कारखाना उभा राहिला. जपान आणि अमेरिकेत काचेचे शिक्षण घेऊन आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे होते, आणि कारखान्याबरोबर कारागीरही तिथे तयार झाले. पुढे १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला, गावाचेच नाव ओगलेवाडी पडले, आणि त्यांच्या प्रभाकर कंदिलाच्या उजेडात इथल्या काही आजी-आजोबांनी अभ्यास केला असेल. वर्गणी मागायला आलेल्या कार्यकर्त्यांना दार उघडताना कपाळावर आठी येते, तेव्हा एका पैशाच्या वर्गणीतून कारखाना निघाला होता हे आठवावे. (टाळ्या कार्यकर्त्यांनीच जास्त वाजवल्या!)

पण कंदिलाच्या काचेला कुणी अपवर्तनांक विचारत नाही. दुर्बीण, सूक्ष्मदर्शक, कॅमेरा यांची काच निराळी. तिला प्रकाशीय काच म्हणतात. एकाच ढेपेत एका टोकाला १.५१६ आणि दुसऱ्या टोकाला १.५१८ असून चालत नाही. वितळलेला रस सतत ढवळावा लागतो, नाहीतर सरबतात साखरेच्या रेषा दिसाव्यात तशा रेषा राहतात. मग ती फार सावकाश निववावी लागते. तीच काच भराभर निववली तर अपवर्तनांक कमी भरतो, फरक तिसऱ्या-चौथ्या दशांशात पडतो. ही काच करण्याची विद्या मोजक्या देशांकडे होती आणि ते ती वाटत नसत. स्वातंत्र्यानंतर कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत डॉ. आत्माराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती स्वबळावर उभी केली, १९६० च्या आसपास देशात प्रकाशीय काच होऊ लागली.

हा तिसरा-चौथा दशांश टाचण्यांनी मिळत नाही. त्यासाठी काचेचा लोलक आणि स्पेक्ट्रोमीटर लागतो. लोलक फिरवत गेले की एका स्थितीत किरण सर्वांत कमी वळतो. तो कोन मोजायचा. मग लोलकाचा कोन आणि हा कोन यांची बेरीज करून निम्मी करायची, तिचे साइन घ्यायचे, आणि त्याला लोलकाच्या निम्म्या कोनाच्या साइनने भागायचे. हा प्रोग्राम तर दोनच ओळींचा. लोलक ६० अंशांचा आणि सर्वांत कमी वळण ३८ अंश ३९ मिनिटे असेल तर उत्तर १.५१६८. मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. वाचन एका मिनिटाने चुकले तर उत्तर ०.०००२ ने बदलते. म्हणजे इथे चार दशांश लिहिणे शोभते, शेवटच्या घरात दोनाचा फरक गृहीत धरून. टाचण्यांच्या प्रयोगात दोनच दशांश शोभतात. संगणक दोन्हीकडे दहा-बारा घरे छापतो, कारण भागाकार करणे एवढेच त्याला माहीत. १.५२१७८४६ असे लिहिलेली वही पाहिली की मला किराणा दुकानाच्या तराजूवर सोने तोलणाऱ्याची आठवण होते. त्यातली पाच घरे खोडायची, आणि ती खोडण्याचे काम प्रोग्रामवर न सोडता स्वतः करायचे.

आणखी एक. स्पेक्ट्रोमीटरसमोर सोडियमचा पिवळा दिवा ठेवतात, तो काही शोभेसाठी नाही. काचेचा आकडा रंगागणिक बदलतो. बीके-सात नावाची एक प्रसिद्ध काच आहे. तिचा पिवळ्या प्रकाशासाठी १.५१६८, तांबड्यासाठी १.५१४३, निळ्यासाठी १.५२२४. पांढऱ्या प्रकाशात मोजायला जाल तर नेमके काय मोजले हे सांगता येणार नाही. हा जो फरक आहे, त्यामुळेच लोलकातून सप्तरंग पडतात आणि स्वस्तातल्या दुर्बिणीत चंद्राच्या कडेला जांभळी झालर दिसते. ती घालवायला दोन जातींच्या काचांची भिंगे एकत्र बसवतात, आणि दोन्हींचे आकडे नीट माहीत असल्याशिवाय ती जोडी जमत नाही. पत्रिका जुळवण्याइतकेच हे किचकट आहे, फक्त इथे आकडे फसवत नाहीत.

आपल्या शहरापुरते बोलायचे तर, इथून फार लांब नाही ते पीण्या. तिथल्या औद्योगिक शेडमध्ये आर्यभट्ट हा आपला पहिला उपग्रह बांधला गेला आणि १९७५ मध्ये तो सुटला. त्याच पीण्यात आज इस्रोची विद्युत-प्रकाशीय प्रणालींची प्रयोगशाळा आहे. उपग्रहांचे तारे ओळखणारे संवेदक आणि कॅमेऱ्यांची प्रकाशीय रचना हे तिचे काम. भिंग जमिनीवर हवेत तपासायचे आणि वापरायचे निर्वात अवकाशात, यात एक मजेशीर अडचण आहे. हवेचा स्वतःचा अपवर्तनांक नेमका एक नसतो, जवळजवळ १.०००३ असतो. येलहंक्याच्या हवाई तळावरचा एअर शो पाहताना तापलेल्या धावपट्टीवर उभे असलेले विमान थरथरताना दिसते, ते या शेवटच्या तीनामुळेच: तापलेल्या हवेत तो कमी होतो, थंड हवेत वाढतो. आपण काचेचे जे आकडे सांगतो ते हवेच्या तुलनेत असतात. निर्वात जागेत बीके-सातचा १.५१६८ हा १.५१७२ होतो. चारच, तेही चौथ्या घरात! पण ५०० मिलिमीटर नाभीय अंतराचे एकच साधे भिंग घेतले, तर त्याचे नाभीय अंतर सुमारे ०.४ मिलिमीटरने घटते. कॅमेऱ्यासाठी हे फार झाले, चित्र धूसर येईल. आणि तिथे जाऊन स्क्रू पिळायला कुणी नसते. रचना करणारे लोक हा फरक आधीच हिशोबात धरतात. तो धरता येतो, कारण कुणीतरी तो चौथा दशांश खरोखर मोजलेला असतो.

भाषणानंतर प्रश्न आले, त्यांतले दोन इथे देतो.

अकरावीतल्या एका मुलीने विचारले, "काका, काचेचा आकडा मोबाईलवर मिळतो, मग मोजायचा कशाला?" प्रश्न रास्त आहे. मोबाईलवर मिळतो तो बीके-सातचा किंवा खिडकीच्या काचेचा, तुझ्या चिपेचा नाही. प्रकाशीय काच विकणारे कारखानेसुद्धा यादीतल्या आकड्यावर थांबत नाहीत. ज्या घाण्यातून ती ढेप निघाली त्या घाण्याचे मोजलेले आकडे मागितल्यास ते काचेबरोबर देतात. ज्यांनी यादी छापली तेच पुन्हा मोजतात. माझ्याकडे घरी तीन चिपा आहेत आणि त्यांचे आकडे मी कुणाला सांगितलेले नाहीत. विसर्जनानंतरच्या रविवारी ज्यांना यायचे त्यांनी टाचण्या, कागद आणि लॅपटॉप घेऊन यावे. ३०, ४०, ५० आणि ६० अंश, प्रत्येक कोनाची दोन वाचने. दुसरे वाचन शेजारच्याने घ्यायचे, पहिले झाकून. उत्तराला गुण नाहीत. ज्याच्या कागदावर भोके आणि पन्नासाव्या ओळीचे सगळे आकडे जागच्या जागी असतील, त्याला चिवडा आहे.

दुसरा प्रश्न मागच्या खुर्चीवरून एका आजींनी विचारला. "चष्म्याच्या दुकानात मला एक पॉइंट सदुसष्टची काच घ्या म्हणाले, महाग होती. ते हेच का?" हो आजी, ते हेच. तुमच्या डोळ्याचा नंबर वेगळा आणि हा भिंगाचा अपवर्तनांक वेगळा. ते भिंग काचेचेही नाही, प्लास्टिकचे आहे. साध्या प्लास्टिकच्या भिंगाचा आकडा १.५० असतो. दोन्हींतून एक वजा केला की उरतात ०.६७ आणि ०.५०. म्हणून तोच नंबर साधायला महाग भिंगाला बाक जवळपास पाऊणपटच द्यावा लागतो आणि काठ पातळ होतो. नंबर मोठा असेल तर पैसे सार्थकी लागतात, एक-दीड नंबराला लागत नाहीत. मात्र असे भिंग रंग जास्त फाकवते. पांढऱ्या दिव्याकडे भिंगाच्या कडेतून पाहिल्यावर निळी-तांबडी रेघ दिसली, तर चष्मा बिघडलेला नाही. भिंग किती रंग फाकवते याचाही एक अंक असतो, त्याला आब्बे अंक म्हणतात, आणि तो जितका मोठा तितके रंग कमी. पुढच्या वेळी दुकानात गेलात की दोन्ही आकडे विचारा.